स्टॅम्परांच्या टेकडीचा कटरबार

मी कटरबार बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसणार, म्हणून आधी ओळख करून देतो. ट्रॅक्टरच्या उजव्या कुशीतून बाहेर आलेली लांबच लांब लोखंडी पट्टी म्हणजे मी. पट्टीला पुढे टोकदार बोटं आणि त्या बोटांच्या फटीतून सरसर इकडून तिकडे पळणारी तिकोनी पाती. न्हाव्याच्या हातातलं केस कापायचं मशीन आठवा, ते जमिनीवर आडवं पाडा आणि माणसापेक्षा लांब करा. तो मी.

मी म्हातारा आहे, गंजलेला आहे, माझे सुटे भाग आता दुकानात मिळत नाहीत. हे सगळं मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे, तेव्हा ते सांगायला कुणी माझ्याकडे येऊ नये. मला बोलायचंय ते वेगळंच. रानातलं गवत कापायला ट्रॅक्टरला काय जोडावं, यावर हल्ली जो तो मत देतो. दुकानदार देतो, शेजारी देतो, ज्याच्या दारात चटईएवढी हिरवळ आहे तोही देतो. मग ज्याने या डोंगरावर उभा जन्म काढला, त्या मीच काय म्हणून गप्प बसायचं?

माझा जन्म मैदानी मुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथली जमीन म्हणे पोळपाटासारखी सपाट असते. मी ती पाहिली नाही, कारण अंगावरचा रंग नीट वाळायच्या आत मला आगगाडीत घातलं. उतरवलं ते अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात. इथे सपाट जागा शोधायची तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशिवाय दुसरीकडे सापडत नाही.

दुकानात माझ्याशेजारी रोटरी उभी होती. रोटरी म्हणजे लोखंडी छपराखाली गरागरा फिरणारी दोन जाडजूड पाती. दुकानदार येईल त्याला तिचंच कौतुक सांगायचा. गवत असो, झुडूप असो, काही समोर ठेवा, ही खाते म्हणायचा. मग एक दिवस एस्टिल स्टॅम्पर आला. उंच, हाडकुळा, मितभाषी माणूस. खेचरं विकून त्याने नुकताच पहिला ट्रॅक्टर घेतला होता. त्याने सगळं कौतुक ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की, माझं कुरण छपरासारखं उतरतं आहे, काठावर ट्रॅक्टर नेला तर तो माझ्यासकट ओढ्यात जाईल, तर ट्रॅक्टर वरच ठेवून हात लांब करून खालचं गवत कोण कापेल? दुकानदाराने जरा नाराजीनेच माझ्याकडे बोट दाखवलं. एस्टिलने मला घेतलं. त्याने आधी जमीन बघितली आणि मग यंत्र, हे मी त्याचं मोठेपण समजतो.

माझ्या पात्यांना जोर पुरवणारा एक लाकडी दांडा असतो. मोठा दगड आडवा आला की आधी तो दांडा तुटावा आणि बाकीचं यंत्र वाचावं, अशी ती सोय. कारखान्याचा दांडा पहिल्याच उन्हाळ्यात तुटला आणि एस्टिलने हिकरीच्या झाडाचा नवा घडवला. घरात एक तरी असं पाहिजे जे स्वतः मोडतं आणि इतरांना वाचवतं, असं तो घडवताना म्हणाला. त्यावर त्याची बायको झेला दारातूनच म्हणाली की, या घरात ते काम माझ्याकडे आहे. बुटकी, ठणठणीत आवाजाची बाई. ती हाक मारायची तेव्हा ओढ्यापलीकडची कुत्रीही उठून बसायची.

त्या दोघांच्या हातात माझे चांगले दिवस गेले. जूनमध्ये गुरांसाठी कुरण कापायचं, ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेचे बांध. बांध वर चढत असेल तर मी वर वळायचो, खाली उतरत असेल तर खाली. मी गवताचा भुगा करत नाही. मुळाशी कापतो आणि अख्खंच्या अख्खं आडवं झोपवतो, म्हणून त्याचा चांगला चारा होतो. आणि मी कुणावर दगड फेकत नाही. रोटरीवाल्यांना विचारा, त्यांच्या किती खिडक्या फुटल्यात.

माझं खरं काम मात्र मे महिन्यात असायचं, टेकडीवर. स्टॅम्परांची टेकडी म्हणतात तिला. वर सीडरची झाडं, तारेचं कुंपण आणि आत स्टॅम्परांची चार पिढ्यांची माणसं झोपलेली. दर मे महिन्यात एका रविवारी लांबलांबचे नातेवाईक येतात, कबरींना फुलं वाहतात, झाडाखाली लांब टेबलं मांडून जेवतात. आमच्याकडे त्याला डेकोरेशन म्हणतात. त्याच्या आधी गवत कापलेलं नसेल तर त्या घराची अब्रू जाते. शेत पडीक राहिलं तर लोक समजून घेतात, पूर्वजांच्या डोक्यावर गवत वाढलेलं कुणी समजून घेत नाही.

टेकडीवर अक्षरं कोरलेले दगड मोजकेच. बाकीचे ओढ्यातले चपटे दगड, घोट्याएवढे, फार तर गुडघ्याएवढे, उभे रोवलेले. त्यांच्यावर ना नाव ना साल. खाली कोण आहे हे सगळ्यांना माहीत, मग लिहायचं कशाला, असा जुन्या लोकांचा हिशेब. गवत वाढलं की हे दगड बुडतात आणि माझी पाती त्यांच्यावर आपटली तर दातांचा चुरा. म्हणून झेला फावड्याचा दांडा हातात घेऊन माझ्यापुढे चालायची. दांड्याने गवत चाचपायची, दगड लागला की ओरडायची, "उचल." एस्टिल खटका ओढायचा आणि माझं टोक वर जायचं. दगड मागे पडला की, "टाक." असं संपूर्ण टेकडीभर चालायचं. मी त्या दगडांना पाती कधी लावली नाहीत, पण त्यांतला एकूण एक मला ठाऊक होता.

कोपऱ्यातला शेवटचा दगड झेलाचा. त्या दोघांना मूल झालं ते एकच. हिवाळ्यात जन्मलं आणि त्याच हिवाळ्यात गेलं. एस्टिलने ओढ्यातून हिरवट रंगाचा, मधून पांढरी शीर गेलेला चपटा दगड आणला आणि रोवला. त्या दगडाशी पोचली की झेलाचा तो ठणठणीत आवाज बसायचा. ओठ हलल्यासारखे व्हायचे, एवढंच. ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी एस्टिल खटका ओढायचा आणि माझं टोक बाकीच्या दगडांपेक्षा जरा जास्तच उंच धरायचा. मी लोखंड आहे, मला रडू येत नाही. पण तेवढ्या जागेत मला फार वाईट वाटायचं.

एस्टिल गेला तो पानगळीत. त्यालाही टेकडीवर नेलं, आणि मला गोठ्यामागे. झेलाचा गुडघा तोवर कामातून गेला होता. काही वर्षं शेजारचा क्लेल टेकडीवर हातातलं मशीन घेऊन जमेल तसं कापत राहिला, मग त्याची कंबर धरली. टेकडीवर ब्लॅकबेरीचं काटेरी रान माजलं. माझ्यातूनही ते माजलं. एका काळ्या सापाने माझ्या पोटाखाली संसार थाटला. भंगारवाला दोनदा येऊन मला निरखून गेला. झेला ओसरीवरूनच त्याला म्हणाली, की तो पडलाय तिथे पडू दे, मी पण पडलेच आहे ना. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग राँडल आला. एस्टिलच्या भावाचा मुलगा. लहानपणीच बापाबरोबर ओहायोला गेला, तिथे गाड्यांचे भाग बनवायच्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर बायकोला, जॉनेटला, घेऊन मूळच्या जमिनीवर राहायला परतला. काकूची काळजी घ्यायची, कुरणं पुन्हा उभी करायची आणि टेकडी साफ करायची, असं त्याने मनाशी धरलं होतं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मनाने तर फार चांगला. पण ओहायोत त्याने दर शनिवारी दारातली हिरवळ कापली होती, टेबलावर घातलेल्या चादरीसारखी, आणि जमीन म्हणजे तेवढीच असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

नवा ट्रॅक्टर आला, आणि त्याच्यामागे जोडायला त्याने काय आणावं? हिरवळ कापायचं यंत्र. चार गुबगुबीत चाकं, चकचकीत रंग, खाली तीन नाजूक पाती. मी त्याचं नाव गालिचेवाला ठेवलं. गालिचेवाल्याशी माझं वैर नाही. घरापुढच्या अंगणात, जिथे जमीन गुळगुळीत आहे आणि आठवड्याला कापणी होते, तिथे त्याच्याइतकं सुंदर कुणी कापत नाही. पण राँडलने त्याला कुरणात घातला. तिथे घुशींची बिळं, गुरांच्या खुरांचे खड्डे आणि गवतात दडलेले लोकस्टच्या तोडलेल्या झाडांचे बुंधे. नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत. एका बुंध्याने त्याचं छप्पर वाकवलं आणि गालिचेवाला तालुक्याच्या गावी दुरुस्तीला गेला. मी गोठ्यामागून सगळं बघितलं, आणि मला हसू आलं.

क्लेलही हसला. मग स्वतःची रोटरी घेऊन मदतीला आला. रोटरी माझी सख्खी नव्हे, तरी खरं ते सांगतो. अंगठ्याएवढ्या जाड झुडपांचं रान असेल तर तिलाच बोलवा. मला तिथे घालाल तर माझे दात पडतील, आणि ओलं, गुंतलेलं गवत असेल तर माझा घासही अडकतो. सरकारी रस्त्याच्या कडेला गाड्या जात असतील तर मल्चर घ्या. आडव्या दांड्यावर लटकणाऱ्या छोट्या हातोड्या जे कापतात ते जागच्या जागी पाडतात, लांब फेकत नाहीत. ज्याचं काम त्याने करावं. एकच यंत्र सगळं करतं असं जो सांगतो, त्याला तुमच्या जमिनीशी देणंघेणं नाही.

क्लेलने टेकडीचा उतार साफ करून दिला आणि कुंपणाशी थांबला. रोटरी दगड फेकते, आत नेली तर कुणाच्या तरी आजोबांच्या कपाळावर बसेल, म्हणाला आणि निघून गेला. आत कोपऱ्यात कोणते दगड कोणाचे, हे त्याला माहीत होतं. पण स्टॅम्परांचे दगड स्टॅम्परलाच काय सांगायचे, असं त्याला वाटलं. इथे चूक झाली. दोघांचीही नीयत साफ, आणि तरी चूक झाली.

आमच्या डोंगरात हिवाळा दगड पिकवतो. जमीन गोठते, फुगते, आणि मार्चमध्ये बर्फ वितळलं की शेतात नवे दगड वर आलेले असतात. ते वेचून कुंपणाला टाकायचे, मग पुढची कामं, ही इथल्या प्रत्येक पोराला लागलेली सवय. राँडल ओहायोत म्हातारा झाला तरी ही सवय त्याच्या हाताला होती. मार्चमध्ये त्याने कुंपणाच्या आतलं काटेरी रान हाताने काढलं. अक्षरांचे दगड त्याला दिसले, त्यांना त्याने घासून पुसून ठेवलं. कोपऱ्यात मात्र बिननावाचे चपटे दगड होते, बरेचसे कधीच आडवे झालेले. ते त्याने हिवाळ्याने वर ढकललेले समजून वेचले आणि कुंपणाबाहेर ढीग घातला. गालिचेवाला दुरुस्त होऊन आला की इथे गावातल्या दफनभूमीसारखं गुळगुळीत करू, एवढाच त्याच्या मनात विचार. मग वसंत आला, गवत गुडघ्यापर्यंत वाढलं, आणि कुठून काय उचललं याची खूणसुद्धा राहिली नाही.

मे महिन्यात, डेकोरेशनला आठवडा उरलेला असताना, जॉनेट झेलाला गुडघ्यासाठी डॉक्टरकडे घेऊन गेली. राँडलने काकूला खूश करायचं ठरवलं. ढिगातले दगड त्याने गाडीत घालून आणले, ओसरीपुढे फुलझाडांचा वाफा केला आणि ते दगड वाफ्याच्या कडेला ओळीने बसवले. छान बसवले, कुणीही मान्य करेल. गोठ्यामागून मला ओसरी नीट दिसते. मी एकेक दगड ओळखत होतो, आणि माझ्याजवळ ओरडायला तोंड नव्हतं.

दुपारी दोघी आल्या. जॉनेट कौतुकाने म्हणाली, बघा काकू, राँडलने तुमच्यासाठी काय केलंय. झेला काठी टेकत वाफ्यापाशी आली, फुलांकडे बघून हसली, आणि ओळीने चालत एका जागी थांबली. गुडघा वाकत नाही म्हणून तिने कठड्याला धरलं आणि कशीबशी खाली बसली.

"हा कुठला, राँडल?"

"टेकडीवरचा. कोपऱ्यात वर आले होते बघ, हिवाळ्याने. मशीन चालवायला आडवे आले असते. चपटे आहेत म्हणून म्हटलं, काकूच्या फुलांना होतील."

"सगळे आणलेस?"

"होते तेवढे सगळे."

झेलाने त्या दगडाच्या पांढऱ्या शिरेवरून बोट फिरवलं.

"राँडल," ती म्हणाली, "हा माझा मुलगा आहे."

राँडल तिच्यापाशी आला. मला वाटलं, मला वाटलं, एवढंच तो म्हणत राहिला. झेलाने त्याला चांगलं झापलं. तुझा बाप असता तर तुला ओढ्यात बुडवून काढला असता, पण त्याला तरी काय बोलू, त्यानेच तुला ओहायोला नेऊन दगड ओळखायचं विसरायला लावलं, म्हणाली. बोलता बोलता ती रडायला लागली. मग तिने विचारलं, कुठून उचललास, दाखवशील? आणि राँडलला ते दाखवता येत नव्हतं.

संध्याकाळी क्लेल टोपी काढून दाराशी आला. मी सांगायला हवं होतं, म्हणाला. झेला म्हणाली, हो, हवं होतं. मग सगळे मिळून काय करता येईल ते बोलत बसले. जॉनेट म्हणाली, दगड सगळे एकत्र एका रांगेत लावू, वर एक पाटी करू. क्लेल म्हणाला, लोखंडी सळई खुपसून माती कुठे भुसभुशीत लागते ते बघू. झेला हे ऐकून भडकली.

"माझ्या माणसांच्या अंगात कुणी सळया खुपसणार नाही. आणि माझा मुलगा रांगेत उभा राहणार नाही. कटरबार काढा."

त्यांना वाटलं, दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. तेव्हा झेलाने समजावलं. कबर कालांतराने खचते. गवताच्या खाली एक लांबट खळगा पडतो. रोटरी गवताचा भुगा करून तो खळगा भरते. गालिचेवाला चार चाकांवर तरंगत वरून जातो, त्याला खाली काय आहे ते कळतच नाही. कटरबार गवत मुळाशी कापून आडवं झोपवतो, ते दाताळ्याने ओढून काढलं की जमीन जशी आहे तशी उघडी. आणि कटरबारच्या टोकाखालचा लोखंडी पाय जमिनीला धरून चालतो, खळगा आला की टोक खाली जातं. पुढे चालताना मागे वळून मी ते हजारदा पाहिलंय, म्हणाली.

ऐकलंत? माझ्या बाजूने या घरात असं कुणी बोलल्याला बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगातलं रान त्यांनी तोडलं. साप शिव्या घातल्यासारखा फुत्कारत निघून गेला. एस्टिलचा जुना ट्रॅक्टर क्लेलने दोन दिवस झटून चालू केला. माझा लाकडी दांडा कुजला होता, तो राँडलने हिकरीचं लाकूड आणून स्वतः घडवला. हात सोलले तरी दुसऱ्याला हात लावू दिला नाही. क्लेलने एकेक पातं कानशीने घासलं. जुनी रिवेटं सुटत होती, दोन पाती तर नावालाच होती. कुणीतरी म्हणालं, हा शेवटपर्यंत टिकणार नाही. म्हणा म्हणावं. मी मनात म्हटलं, टेकडी उतरून खाली येतो आणि मग बघू कोण टिकतं.

झेलाला गाडीतून वर नेलं. एका हातात जॉनेटचा दंड, दुसऱ्या हातात फावड्याचा दांडा, आणि ती माझ्यापुढे चालू लागली. राँडल ट्रॅक्टरवर, कपाळावर घाम. अक्षरांचे दगड आले तिथे तिने ठणठणीत आवाजात सांगितलं तसं राँडलने मला उचललं आणि टाकलं. पहिल्यांदा खटका इतका जोरात ओढला की मी खिळखिळा झालो. मग त्याचा हात बसला.

मग कोपऱ्यातला भाग आला. मी जमिनीला पाय लावून निघालो आणि काही अंतरावर माझं टोक खाली गेलं. झेलाने थांबवलं. ही एस्टिलची आजी, साथीच्या तापात गेली, म्हणाली. जॉनेटने तिथे काठी रोवून चिंधी बांधली. पुढे पुन्हा टोक खाली गेलं. हा वेडा लॉन्झो, झाडावरून पडला, पण बॅन्जो काय वाजवायचा. पुढे पुन्हा. क्लेल मागून गवत ओढत होता, आणि खळगे एकामागून एक उघडे पडत होते. प्रत्येकाचा दगड झेला ओळखत होती आणि क्लेल तो परत रोवत होता. माझी दोन पाती गेली, एक बोट वाकलं. मी थांबलो नाही.

शेवटी गाडीत एकच दगड राहिला आणि कोपऱ्यात गवताची एकच पट्टी. आजूबाजूची कापलेली जमीन एकसारखी होती. कुठे खळगा नव्हता. तान्ह्या मुलाची पेटी ती केवढी, जमीन तिच्यासाठी खचली नव्हती. माझ्या पायाला तिथे काही कळणार नव्हतं, आणि मला ते आधीपासून माहीत होतं. राँडलने ट्रॅक्टर बंद केला. तो खाली उतरून झेलापाशी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, काकू, इथे काहीच दिसत नाही, मी काय करू?

झेलाने त्या गवताकडे बघितलं. मग म्हणाली, "चालू कर. माझ्या मागून ये."

तिने जॉनेटचा हात सोडला. वाकत नाही तो गुडघा ओढत, दांड्याने काहीही न चाचपता, ती गवतातून चालू लागली. मी मागून. सीडरचं एक मूळ माझ्या पायाला लागलं. ते मूळ माझ्या ओळखीचं होतं. तेवढ्यात झेला थांबली आणि तिचे ओठ हलले. इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही. राँडलने तिच्याकडे बघितलं आणि खटका ओढला. माझं टोक वर गेलं. चांगलं उंच गेलं.

तिने दांडा मातीत रोवला. राँडलने ट्रॅक्टर बंद केला आणि हळूच विचारलं, "नक्की ना, काकू?"

"दरवर्षी याच जागी माझा आवाज बसतो," झेला म्हणाली. "आत्ताही बसला. मी काही शोधत नव्हते रे."

कुणी म्हणेल म्हातारीला भास झाला. म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. ते मूळ ओलांडल्यावर एस्टिल मला ज्या जागी उचलायचा, त्याच जागी राँडलने उचललं. राँडलने दगड रोवला, माती हाताने दाबली, आणि उठायला तयारच होईना. झेलाने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, ऊठ, शेंगा निवडायच्या आहेत, रविवारी पन्नास माणसं जेवायला येतील.

माणसं आली. ओहायोहून, इंडियानाहून गाड्या भरभरून आली. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, सफरचंदाचे थर घातलेला केक, सगळं झालं. राँडलने दगडांवर नावं कोरून घेऊ म्हटलं, तर झेला म्हणाली, कोरायचं तर कोरा, पण कोरलेलं वाचायला माणूस इथवर चालत यायला हवा, आणि जो चालत येतो त्याला मी तोंडाने सांगेन. मग तिने जॉनेटला हाताशी धरून एकेक दगड ओळखायला शिकवला. कोपऱ्यात आल्यावर तिने मुलाचं नाव सांगितलं. एस्टिल गेल्यापासून ते नाव कुणी मोठ्याने घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. हवं असेल तर चालत या.

त्याच दिवशी कुणा चुलत भावाच्या सुनेने मला बघितलं आणि टाळी वाजवली. किती गोड जुनं यंत्र, म्हणाली, याला लाल रंग देऊन फाटकाशी उभं करा, वर पेट्युनियाच्या फुलांच्या कुंड्या टांगा, फोटो काय सुंदर येतील. माझ्यासारखे किती तरी जण इकडे असेच फाटकाफाटकाशी कुंड्या सांभाळत उभे आहेत. मान दिल्यासारखा वाटतो तो, आणि आपण मेल्याशिवाय मिळत नाही. मी राँडलकडे बघत होतो. त्याने हातातली ताटली खाली ठेवली आणि सांगितलं, "त्याला रंगवू नका. पुढच्या मे महिन्यात त्याला टेकडीवर जायचंय."

तेव्हापासून मी गोठ्याच्या आत असतो, छपराखाली. शेजारी गालिचेवाला आहे, दुरुस्त होऊन आलेला. तो अंगण कापतो आणि मी त्याला आता टोचून बोलत नाही. झेला यंदा टेकडी चढू शकणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ती ओसरीवर बसून हुकूम सोडेल. माझ्यापुढे जॉनेट चालेल. तिला काही दगडांशी अजून अडखळायला होतं, पण कोपऱ्यात ती चुकत नाही.

तुम्ही जमीन घेतली असेल, वारसाने आली असेल, तर यंत्राच्या दुकानात नंतर जा. आधी त्या जमिनीवर पायी चाला, आणि तिथली जुनी माणसं सोबत घ्या. पातं कुठे टाकायचं ते दुकानदार सांगेल. कुठे उचलायचं ते त्याला माहीत नसतं.

आणि माझ्याबद्दल कुणाला कळवळा आलाच, तर हातात कुंडी आणि रंगाचा डबा घेऊन येऊ नका. कानस घेऊन या. दोन पाती अजून बोथट आहेत, आणि एप्रिल संपत आला.